नक्षी आतल्या बाजूला

मंगळवार, ४ मार्च

धाकटे,

रविवार, दोन मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

वेळ आधी लिहिली, कारण वीज कंपनीच्या तक्रार विभागात मी नोकरीभर लोकांना हेच सांगत आले : आधी केव्हा ते लिहा, मग काय ते लिहा, रडायचं असेल तर वेगळा कागद घ्या. चार दहाला मी पेन्शनर मंडळाच्या सभेहून परत आले, चपला काढल्या आणि मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले. जेवणाच्या टेबलावर बाबांचा पत्र्याचा साचा, घडी दाबायची हाडाची पट्टी, खळीची वाटी, माझी शिवणाची कात्री (जिला मी आजवर कागद दाखवलेला नाही) आणि ओळीने वाळत घातलेले नऊ लिफाफे.

बाबांच्या शेवटच्या तावाचे.

तू वर बघून हसलीस. "आलीस ताई? बघ तरी कसे झालेत!" असं म्हणालीस. चोरी करताना सापडलेली माणसं निदान दचकतात.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी तक्रारीत ते लिहावं लागतं. आपले बाबा बुकबाइंडर. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आतून लावायचा रंगीत कागद ते स्वतः करायचे. पसरट ट्रेमध्ये दाट पाणी, त्यावर रंगाचे थेंब, मग कंगव्यासारख्या फणीने ओढलेल्या लाटा आणि वरून अलगद टेकवलेला कागद. त्याला ते अबरी म्हणायचे. उरलेल्या तावांचे आपण तिघं लिफाफे करत असू. अंथरुणाला खिळण्याआधी त्यांनी एक ताव केला, निळा आणि विटकरी, मधून दुधाच्या सायीसारख्या रेघा. तो मी पत्र्याच्या नळीत गुंडाळून घातला, दोन्ही झाकणं मेणाने बंद केली आणि कपाटात वरच्या फळीवर पांघरुणांच्या मागे ठेवला. बावीस वर्षांत एकदाही उघडला नाही, हवा लागते म्हणून. घराला आग लागली असती तर मी आधी ती नळी उचलली असती आणि मग दाताची कवळी.

ती नळी तू उघडलीस. न विचारता. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असते ती पाहुण्यांनी विश्वासाला जागावं म्हणून.

आणि कापलास तोही कसा? साचे वेडेवाकडे, एक उभा, एक आडवा, एक तिरका. त्या तावात सहज चौदा बसले असते. तू नऊ काढलेस आणि बाकीच्याची केलीस कपटी. ती कपटी मला दिसू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, जाताना जिन्याखालच्या मोठ्या कचरापेटीत टाकलीस. मी वाकून काढली. गाठ सोडलेली नाही. पुरावा जसाच्या तसा ठेवायचा असतो.

तुझा बचावही नोंदवते, अन्याय नको. तू म्हणालीस, "ताई, तुझ्यासाठीच केलेत गं. मी तिकडे लेकाकडे गेले की यातून मला पत्रं पाठव." मी म्हणाले, "पत्राला खाकी लिफाफा पुरतो." त्यानंतर मी आणखी दोन-तीन वाक्यं बोलले. ती मी मागे घेत नाही, आणि तक्रारीशी त्यांचा संबंध नसल्यामुळे इथे लिहीतही नाही. तू खळीची वाटी धुतलीस, कात्री पुसून जागेवर ठेवलीस, बॅग उचललीस आणि साडेपाचच्या बसने गेलीस. आणखी तीन दिवस राहणार होतीस. चहा अर्धा तसाच होता.

मला लेखी खुलासा हवा. फोन चालणार नाही. फोनवर तू गप्प बसतेस आणि दोघींचं मला एकटीलाच बोलावं लागतं.

ताई

ता. क. लिफाफा खाकी आहे, हे बघ. नीट पोचला ना?


रविवार, ९ मार्च

धाकटे,

खुलासा आला नाही. फोन आला, तोही तुझा नाही, हवामान खात्याचा. तुझ्या नवऱ्याला मी लग्नापासून हे नाव दिलं आहे आणि अजून त्याने ते खोटं ठरवलेलं नाही.

"ताई, नमस्कार. तुमच्याकडे उकाडा आहे का हो?"

"माझ्यापुरता आहे. ती कुठे आहे?"

"ती सामान बांधतेय. इकडे ढग आलेत."

"माझं पत्र मिळालं?"

"मिळालं. वाचलं तिने. मग परत वाचलं."

"आणि?"

"आणि मग ढग आले, ताई."

इतकी वर्षं तू या माणसाबरोबर काढलीस, तुझा जाहीर सत्कार व्हायला हवा. पण ठेवता ठेवता एक वाक्य बोलला. "एकोणतीसचं विमान आहे. मोठ्या मुलाने एकाच बाजूचं तिकीट काढलंय." मला माहीत आहे म्हणाले आणि फोन ठेवला. मला तारीख माहीत होती. एकाच बाजूचं हे माहीत नव्हतं. तू म्हणाली होतीस, जाऊन बघू, रमलो तर राहू. आपल्या वयात एका बाजूचं तिकीट काढणाऱ्यांनी नीट सांगून जावं, एवढंच माझं म्हणणं.

असो. विषय लिफाफ्यांचा आहे.

तू एक नियम मात्र पाळलास, हे मी बघितलं. नक्षी आतल्या बाजूला. दुकानात लिफाफे ठेवणारी बाई बाबांना दर खेपेला सांगायची, "मास्तर, रंग बाहेर घ्या की! गिऱ्हाइकाला दिसेल तर विकेल ना." बाबांचं उत्तर ठरलेलं. "बाहेरची बाजू टपालवाल्याची. आतली ज्याला पत्र आलंय त्याची." बाईने कपाळावर हात मारायचा आणि माल ठेवून घ्यायचा. वरून साधे पांढरे लिफाफे, एकासारखा दुसरा. उघडणाराच काय तो चमकायचा.

त्या पांढऱ्या बाजूवर पत्ते मी लिहायची, आठवतं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फूटपट्टी घेऊन मागे उभी असायची आणि अक्षर रेघेवरून घसरलं की पट्टी बोटांवर घसरायची. त्यामुळे माझं अक्षर सुंदर झालं आणि स्वभाव असा झाला. तुला त्या शाळेत घालायच्या आत बाबांचं मन बदललं. "एकीला शिस्त लागली तेवढी घराला पुष्कळ झाली," असं ते आईला म्हणाले. मला वाटलं ते माझं कौतुक आहे. बरीच वर्षं वाटलं.

पण कात्री नेहमी तुझ्याकडे. हेच मला खातंय. तुझ्या हातात ताव आला की तू आधी साचा नुसता फिरवत बसायचीस, पेन्सिलसुद्धा लावायची नाहीस, आणि मग असे बसवायचीस की उरलेल्या कपट्यांत मांजराला लपायला जागा नसे. तीच तू बाबांचा शेवटचा ताव वेडावाकडा कापतेस? माझ्यावरचा राग असेल तर तो आधीचा असला पाहिजे, कारण तोपर्यंत मी घरीच नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवायला मी एक लिफाफा घेऊन गेले. ते निवृत्त झाले आहेत, पण न्यायबुद्धी शाबूत असेल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, लिफाफ्याचं तोंड उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "वा! सुरेख."

"मी तुम्हाला गुन्हा दाखवतेय. सुरेख काय म्हणता?"

"बाई, लोकांनी आयुष्यभर माझ्यासमोर तोंड उघडलं ते किडलेलंच दाखवायला. एवढ्या वर्षांनी कुणी उघडून चांगलं दाखवतंय, तर बोलू द्या की!" वर विचारतात, "बहीण कधी जातेय?" मी म्हणाले, तो मुद्दा नाही. ते म्हणाले, "बरं." दात उपटण्याआधी ते असंच बरं म्हणायचे. लिफाफा भिंगाखाली बघायचा म्हणून ठेवून घेतला आहे.

तर आता मी काय करणार आहे ते ऐक. उरलेले आठ मी उलगडणार. खळ वाफेने सुटते, हे आपण लहानपणी दुसऱ्यांची पाकिटं उलगडून त्यांचे साचे काढायचो तेव्हापासून माहीत आहे. उलगडलेले तुकडे आणि तुझी कपटी जोडून अख्खा ताव टेबलावर मांडणार आणि कुठे किती वाया घालवलंस ते तुला दाखवणार. फोटो काढून पाठवीन. मग कर खुलासा.

ताई


शनिवार, १५ मार्च

धाकटे,

या पत्राला तक्रार समजू नकोस, चौकशी समज.

खळ कशी केली होतीस? घट्ट होती का, चमच्याला धरून राहील इतकी? आणि ब्रशने लावलीस की बोटाच्या टोकाने? सहज विचारते आहे.

इकडे ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, प्लंबर आला आणि आता तो दोन ठिकाणी गळतो. मधल्या खोलीची खिडकी मी रात्रंदिवस उघडी ठेवली आहे. थोडं वाळवण आहे. माझ्या बोटांना निळं लागलंय ते लिंबानेही जात नाही. पेन गळलं असावं.

डॉक्टर काल वर आले होते. टेबलाकडे बघून त्यांनी चष्मा खिशात घातला. मी म्हणाले, "आता का गप्प? वा म्हणा की!" ते म्हणाले, "बाई, तुम्ही बसा, चहा मी करतो." त्यांना चहा येत नाही. गरम पाणी प्यायलो दोघं.

दुसरी एक चौकशी. बाबा कागद रंगावर टेकवायच्या आधी तुरटीच्या पाण्यातून काढून वाळवायचे. त्यामुळे रंग कागदाला धरून राहतो, नाहीतर नुसता वर बसतो. शेवटच्या तावाला तुरटी लावली होती का? तुला कसं माहीत असणार म्हणा. तू नव्हतीस. मी होते. बाबांचे हात थरथरत होते, ते म्हणाले, राहू दे आता तुरटी, हा काही विकायचा नाही, याला पाणी दाखवू नका म्हणजे झालं. हे माझ्यासमोर म्हणाले. मला म्हणाले.

तू मात्र ओल्या बोटाने कोपरा चाचपून बघितला असशील. तू कुठल्याही कागदाला आधी तेच करतेस.

तू नव्हतीस हे मी त्या रविवारी जरा मोठ्याने बोलले, असं आता वाटतं. भिंतीपलीकडच्या बाईंनीही त्या दिवसापासून जिन्यात हसणं सोडलंय.

लिफाफ्यांविषयी तूर्त काही लिहीत नाही. फोटो पाठवणार होते, तोही नाही.

उत्तर पाठव. खुलासा नको. नुसतं खळीचं लिहिलंस तरी चालेल.

तुझी ताई


गुरुवार, २० मार्च

धाकटे,

आता क्रमाने लिहिते. रडायचा कागद वेगळा घेतला आहे, तो पाठवणार नाही.

दहा तारखेला सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, वर पिठाची चाळणी ठेवली, तिच्यात आठही लिफाफे पसरले आणि झाकण घातलं. एकेक करायला हवा होता. पण मी रागात होते, आणि रागात मला सगळं एकदम उरकायचं असतं. तेवढ्यात प्लंबर आला, मी त्याच्याशी भांडायला गेले. भांडण चांगलं रंगलं. परत येऊन झाकण काढलं तर चाळणीखालचं पाणी निळं झालं होतं.

तुझी खळ सुटली नव्हती. इतकी घट्ट आणि इतकी कमी लावली होतीस की कागदाला ओल लागलीच नसेल. तुझ्या खळीला जे कळलं ते मला कळलं नाही. मी चिमट्याने उपसून काढले, पात्याने शिवणी सोडवल्या, टीपकागदात दाबले, खिडकीत वाळवले. लाटा गेल्या. सायीच्या रेघा गेल्या. आठ तुकड्यांवर आता जे आहे ते शाळेत पाटी पुसल्यावर उरायचं तसं आहे.

म्हणजे ज्या तावाला मी बावीस वर्षं हवा लागू दिली नाही, त्याला वाफ दिली. रागात मला बाबांचं बोलणं आठवलं नाही, आणि अडवणारं माणूस एकच होतं, ते मी साडेपाचच्या बसने घालवलं होतं.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा पुरावा गोळा करायला घेतला की मला थांबता येत नाही. बुधवारी, म्हणजे काल, तुझ्या गाठोड्याची सुतळी सोडली. कपटी पाण्यातून गेली नव्हती, ती तशीच निळी-विटकरी होती, डोळ्यांत भरणारी. मी ती टेबलावर मांडायला लागले. आठ फिके तुकडे आणि भोवती कपटी, कात्रीच्या कडेला कड लावून. नवव्या लिफाफ्याची जागा रिकामी ठेवली.

पहिलं कपटं उचललं, त्याला भोक होतं. हरभऱ्याएवढं, कडा कुरतडलेल्या. दुसऱ्यालाही होतं. मला वाटलं जिन्याखालच्या पेटीत झुरळांनी खाल्लं असेल. मग सगळी जुळली आणि भोकं ओळीत आली. डावीकडून उजवीकडे एक रांग, खाली दुसरी, आणि दोन भोकांतलं अंतर दर खेपेला थोडं थोडं वाढत गेलेलं. बुकबाइंडरच्या मुलीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गुंडाळलेल्या कागदाला कसर लागली की ती आरपार खात जाते. उलगडला की एकाच भोकाची ओळ होते. म्हणजे तो ताव नळीत असतानाच खाल्ला गेला होता. माझ्या नळीत, माझ्या मेणाच्या आत, मी हवेपासून जपत असताना. झाकणं लावली तेव्हाच कसर आत होती आणि मी तिला कोंडून खायला घातलं.

आणि आठही तुकड्यांत एक भोक नाही. एकाच्या घडीला चाटून गेलंय, तिथे तू साचा केसभर तिरका घेतला आहेस. वेडेवाकडे म्हणाले होते मी. आता ते टेबलावर बघते तेव्हा दिसतं, प्रत्येक साचा तू किती वेळ फिरवला असशील. चौदा बसत नव्हतेच. नऊच होते त्या तावात, आणि ते नऊही दुसऱ्या कुणाला सापडले नसते.

तू नळी उघडलीस ती जायच्या आधी बाबांचा कागद एकदा बघावा म्हणून, असं मी आता धरून चालते. उघडलास आणि भोकं दिसली. मी सभेत होते. मी आल्यावर दाखवता आला असता. "ताई, बघ काय झालंय," एवढंच. नाही दाखवलास. चांगलं तेवढं कापून घेतलंस, कुरतडलेलं बांधून खाली टाकलंस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मी दारात उभी राहून तुला काय काय बोलले! तुझ्याजवळ त्याचं उत्तर सुतळीने बांधून तयार होतं, तरी ते न दाखवता तू हातात घेऊन जिना उतरलीस.

ती वाक्यं मी तक्रारीत लिहिली नव्हती. आता लिहिते, म्हणजे दप्तरी राहतील. मी म्हणाले होते, "बाबा गेले तेव्हा तू नव्हतीस, म्हणून तुझा हात या कागदावर चालला." तेव्हा तुझं बाळ नऊ दिवसांचं होतं. आणि म्हणाले होते, "जायचंच आहे तर आजच जा." तू आज्ञाधारक कधीपासून झालीस?

मला माफी मागता येत नाही, हे तुला माहीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी गुडघ्यावर बसून इतकी मागितली, तीही न केलेल्या गोष्टींची, की माझा साठा तिथेच संपला. तरी शोधते आहे. घरात कुठेतरी थोडी असेल, पांघरुणांच्या मागे वगैरे.

काल संध्याकाळी डॉक्टरांनी नववा लिफाफा आणून दिला. टेबलावरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा इथला ना?" मी हो म्हणाले. "मग ठेवा, पुरं होईल." मी ठेवला नाही. तो तिथे मांडला तर पुन्हा नळीतच गेल्यासारखा होईल. तू ज्यासाठी केला होतास त्यासाठी वापरते आहे. हे पत्र त्यातून येतंय. पत्ता पेन्सिलीने लिहिला आहे, शाईची ओल नको म्हणून, आणि तोंड बंद करायला खळ घट्ट केली आहे, चमच्याला धरून राहील अशी. बोटाच्या टोकाने लावली. काचेवरून फिरावी तशी पट्टी फिरली त्यावरून. तुझ्या घड्या अजून बाबांसारख्या पडतात.

फाडू नकोस. सुरीने उघड आणि आत बघ. मी अजून पुरती बघितलेली नाही. ती बाजू माझी नाही.

आता मागणी. एकोणतीस तारखेला तुला सोडायला मी विमानतळावर यावं की नाही, हे मला कळवावंस. हवामान खात्याकरवी नको, फोनवर नको. लेखी, तुझ्या अक्षरात. ये किंवा नको, एक शब्द पुरे. "नको" लिहिलंस तर मी कारण विचारणार नाही. असं मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. उत्तर गुरुवार, सत्तावीस मार्च, संध्याकाळी पाचच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. आमचा टपालवाला पाचला येतो आणि जिना चढायचा कंटाळा करतो, म्हणून मी खाली दारातच उभी असेन.

खाकी लिफाफा चालेल.

तुझी,
ताई